मुंबईसह संयुक्त हरबाजीवाडी

आता त्या रस्त्यावरून मोठा पूल गेला आहे. हरबाजीच्या वाडीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहिले की पुलावरच्या मोटारीतला माणूस काय खातो आहे तेसुद्धा दिसते. शामराव गवाणकर आज असते तर म्हणाले असते, "मी आडवा मागितला होता, यांनी उभा बांधला." सरकारी अर्जाचा निकाल लागायला वेळ लागतो हे त्यांना मान्य होते. पण दिशाही चुकावी याचे त्यांना वाईट वाटले असते, कारण त्यांच्या अर्जात दिशा अगदी स्वच्छ लिहिली होती. अलीकडच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यापासून पलीकडच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पूल, पुलावर माती, मातीवर हिरवळ, आणि हिरवळीवर त्यांची आई.

आईला मधे आणायचे कारण असे की, सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आई होती, आणि आईच्या मुळाशी एक वाटी.

हरबाजीची वाडी म्हणजे लालबागेतल्या दोन चाळी आणि मधला बोळ. बोळ इतका अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर भांडण असले तरी बोलावे लागे. दोन्हीकडची माणसे कोकणातलीच. मासळी एक, गाऱ्हाणी एक, गिरणीचा भोंगा एक. पण पलीकडच्या चाळीला लोक महारांची चाळ म्हणत, म्हणून बोळ जितका अरुंद तितकाच खोलही होता. राधाबाई गवाणकर आणि रखमा तांबे समोरासमोरच्या गॅलऱ्यांत धुणे वाळत घालत, एकमेकींच्या लुगड्यांचे काठ ओळखत, आणि वर्षानुवर्षे एकमेकींशी बोलत नसत.

मग गिरण्यांचा मोठा संप झाला. गवाणकरांची चूल दुपारची पेटेनाशी झाली. रखमाचा नवरा रेल्वेत, तेव्हा तिकडे पगार चालू होता. एके दिवशी रखमाने कुळथाच्या पिठीची वाटी गॅलरीबाहेर धरली. राधाबाईंनी वाटीकडे पाहिले, लहानग्या शामकडे पाहिले, आणि हात लांब करून वाटी घेतली. त्यावर अलीकडच्या चाळीत कोण काय म्हणाले ते राधाबाईंना कधीच कळले नाही, कारण त्या वेळी त्या जेवत होत्या.

तेव्हापासून वाट्यांचा रस्ता सुरू झाला. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम दोघींच्या आयांनी दोघींना स्वतंत्रपणे शिकवलेला. आज पिठी आली की उद्या त्याच वाटीतून सोलकढी जाणार, परवा तिकडून सुकटीची चटणी येणार. वाटी घरी परतली तरी हिशेब काही मिटत नसे, कारण तोवर दुसरी वाटी निघालेली असे. वाटीबरोबर शाम आणि रखमाचा आनंदाही या घरातून त्या घरात जाऊ लागले. मोठेपणी शामराव एका विमा कंपनीत हेडक्लार्क झाले आणि आनंदा शाळेत मास्तर झाला, तरी एकमेकांना 'अरे-तुरे' करायचे ते बोळातलेच.

आणि मग हायवे आला.

मुंबईतून बाहेर पडणाऱ्या लॉऱ्यांना सरळ वाट हवी होती, आणि नकाशावर सरळ रेघ मारणाऱ्याला मधे हरबाजीची वाडी दिसली नाही. पलीकडच्या चाळीचा पुढचा भाग पाडला, तिथली बिऱ्हाडे मागच्या भागात सरकवली, आणि बोळाच्या जागी असा रस्ता झाला की चार लॉऱ्या शेजारी शेजारी जातील आणि पाचवी भोंगा वाजवील. खोल्या पाडायला माणसे आली त्या सकाळीही रखमाने वाटी दिली होती. गडबडीत ती परत द्यायची राहून गेली.

ती वाटी गवाणकरांच्या फळीवर दोन वर्षे बसून होती. पितळी, काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'र. तां.' कोरलेले. राधाबाई ती दर शुक्रवारी चिंचेने घासत. त्यांचे गुडघे गेले होते, जिना उतरणे बंद झाले होते. रखमाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तिला लॉरी आणि आभाळ सारखेच दिसे. गॅलरीतून हाका माराव्यात तर मधे लॉऱ्यांचा खडखडाट.

"आई, मी जाताजाता देऊन येतो," शामराव म्हणत.

"वाटी म्हणजे काय पोस्टाचं पाकीट आहे? ती हातानं हातात जाते."

"मग कौसल्या देईल."

"नको. तिच्या हातात दिली की वाट्या हरवतात."

हा टोमणा जुना होता. राधाबाईंच्या माहेरच्या सहा वाट्यांपैकी एक त्याच सुमारास नाहीशी झाली होती, आणि ती सून कल्हईवाल्याकडे विसरून आली असा त्यांचा ठाम निष्कर्ष होता. कौसल्या त्या दिवशी आमटीत मीठ जरा कमी घाले.

एक दिवस राधाबाई म्हणाल्या, "शाम, मी जायच्या आत ही वाटी परत जाऊ दे रे. दुसऱ्याची वाटी ठेवून वर गेले तर तुझे वडील विचारतील, मी काय सांगू?" म्हणताना त्या हसल्या होत्या. पण वाटी पुसणारा पदर तसाच हातात राहिला होता. शामरावांनी तिथल्या तिथे आईला शब्द दिला. आईला शब्द देताना माणसाने खालून किती लॉऱ्या जातात ते आधी बघावे, पण शामरावांनी पाहिले नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात कुठल्याशा विलायती सचित्र मासिकात त्यांनी गच्चीवर फुलवलेल्या बागेचे चित्र पाहिले. इमारतीवर बाग होते तर रस्त्यावर का नाही? वर बाग, खाली हायवे. आई चार पावले चालेल, रखमामावशी चार पावले चालेल, मधे बाकावर दोघी भेटतील. हेडक्लार्कच्या डोक्यात कल्पना सहसा येत नाही, आणि आली की तिचा मसुदा होतो.

गच्चीवर सभा बोलावली. दोन्ही चाळींची माणसे आली, पलीकडची जीव मुठीत धरून रस्ता ओलांडून. बाग हवी यावर एकमत झाले आणि लगेच वाद सुरू झाला. नाना परुळेकर वाडीतले सर्वांत वडीलधारे, गिरणीतून निवृत्त, आणि सल्ला देण्यातून कधीच निवृत्त न होणारे. ते म्हणाले, "अरे शामराव, माडाशिवाय कसली रे बाग? आधी माड लाव."

"नाना, खालून लॉऱ्या जातात. नारळ पडला तर?"

"लॉरीवाल्याक फुकट नारळ गावतलो. तो कित्याक तक्रार करतलो?"

कोणाला अबोली हवी होती, कोणाला अळू. एकाने बागेत आखाडा सुचवला, दुसऱ्याने तुळशी वृंदावन सुचवले, पलीकडच्या चाळीतून वाचनालय आले. मातीपेक्षा सूचनांचे वजन जास्त झाले तेव्हा गाडी समितीच्या नावावर आली, आणि खरी पेटली ती तिथे. अलीकडचे आधी घ्यायचे की पलीकडचे? शिवाय अलीकडचे कोण आणि पलीकडचे कोण हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते, असा एक मुद्दा आनंदाने मांडला. तो मुद्दा इतका बरोबर होता की सगळे चिडले.

शेवटी आनंदाच म्हणाला, "संयुक्त म्हणा. संयुक्त हरबाजीवाडी उद्यान समिती."

त्या वर्षांत हा शब्द उच्चारला की सभेचे टाळ्यांशिवाय दुसरे काही होऊच शकत नसे. छप्पन-सत्तावन्नचे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. भिंतीभिंतीवर, दुकानांच्या फळ्यांवर, शाळेच्या पाट्यांवर तोच शब्द. पोरांची क्रिकेटची टीमसुद्धा संयुक्त होती. ठराव एकमताने मंजूर झाला. आपण एका शब्दाने वाडी जोडली असे त्या दिवशी शामरावांना वाटले. आपण पहिला खड्डा खणला आहे हे त्यांना पुढे कळले.

समिती म्हटली की छापील कागद हवा. शामरावांचा तसा आग्रहच होता. गिरगावातल्या एका छापखान्यात वाडीतलाच लवू कंपॉझिटर होता. हाताला वेग असा की, बघणाऱ्याला अक्षरांचे खिळे आपणहून उड्या मारताहेत असे वाटे. पण बिचारा कित्येक महिने रात्रंदिवस चळवळीचीच पत्रके जुळवत होता. त्याने शामरावांचा मजकूर समोर घेतला, 'संयुक्त' हा शब्द जुळवला, आणि पुढचे त्याच्या बोटांनी त्याला न विचारता जुळवले. कागदांचा गठ्ठा घरी आला तेव्हा प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ठसठशीत अक्षरांत छापले होते: 'मुंबईसह संयुक्त हरबाजीवाडी झालीच पाहिजे'.

"लवू, हे काय?"

लवूने वाचले. पुन्हा वाचले. "चुकी खंय असा?" त्याने मनापासून विचारले.

"मुंबईसह?"

"मग काय मुंबई सोडून देवची?" लवू म्हणाला, आणि आजूबाजूच्या चार जणांनी मान हलवली. त्या काळात लालबागेत उभे राहून 'मुंबई काढून टाक' असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. शामरावांचीही नव्हती. शिवाय एवढा चांगला कागद फुकट घालवणे हेडक्लार्कच्या रक्तात बसत नव्हते. त्याच कागदावर, त्याच माथ्याखाली, त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात बागेचा अर्ज लिहिला आणि वॉर्ड ऑफिसात नेऊन दिला.

खिडकीतल्या कारकुनाने माथा वाचला, इकडेतिकडे पाहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या भावना पोचल्या. मी तुमच्यातलाच आहे."

"भावना नाही, बाग आहे. खाली वाचा."

"कळलं, कळलं. बाग." कारकुनाने एक डोळा मिटला. "हुशार आहात. पण आमच्या साहेबांना असलं चालत नाही."

शामरावांनी त्याला हिरवळ समजावली, बाक समजावले, गुडघे आणि मोतीबिंदू समजावला. जसजसे ते समजावत गेले तसतसा कारकुनाचा आदर वाढत गेला. उत्तर मात्र लवकर आले, आणि सरकारी उत्तर लवकर आले की काळजी करावी. 'सदर मागणी राज्य पुनर्रचनेशी निगडित असल्याने या कचेरीच्या कक्षेत येत नाही. अर्जदाराने दिल्लीशी पत्रव्यवहार करावा.'

ते वाचून आनंदा गॅलरीच्या कठड्याला धरून हसला. "शाम्या, आपल्या बोळाचा सीमाप्रश्न झाला रे."

"हसू नको. आईला काय सांगू?"

आनंदा हसायचा थांबला. त्याच्याही घरात एक आई संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसत होती. काही दिसत नसताना ती कुठे बघते, असे त्याने तिला कधी विचारले नव्हते.

इथून प्रकरण शामरावांच्या हातातून सुटले. अर्जाचा कागद वॉर्ड ऑफिसातून आणखी कुठल्या ऑफिसात गेला असावा, कारण कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक साध्या वेशातला माणूस चहा पीत बसू लागला. तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "ही बाग म्हणजे नक्की काय भानगड आहे?" माणसे खरे ते सांगत, आणि त्याचा संशय बळावे. दुसरीकडे चळवळीतले तरुण कार्यकर्ते शामरावांच्या खोलीत येऊन त्यांना हार घालून गेले आणि पुढच्या मोर्चाला किती माणसे आणणार असे विचारू लागले. बाग आहे असे सांगितल्यावर त्यांचा नेता दुखावल्या स्वरात म्हणाला, "सगळा महाराष्ट्र पेटला असताना तुम्हाला बाग सुचते, गवाणकर?"

आणि ऑफिसात बडेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारले, "गवाणकर, तुम्ही पुढारी केव्हा झालात?"

शामरावांना हे सर्वांत लागले. मुंबई महाराष्ट्रात यावी असे त्यांनाही वाटत होते, पोटातून वाटत होते. गोळीबारात माणसे गेली तेव्हा दोन दिवस त्यांना अन्न गेले नव्हते. पण नोकरीच्या भीतीने त्यांनी घोषणा दिली होती ती फक्त न्हाणीघरात, तीही नळ सोडून. आता एकीकडे चळवळीत नसल्याबद्दल शिव्या आणि दुसरीकडे असल्याबद्दल ताकीद, असे दोन्ही मान एकाच माणसाला मिळाले. साखर कुठल्याच ताटात पडली नाही, मुंग्या मात्र दोन्हीकडून आल्या.

तेव्हा नानांनी सल्ला दिला. "कागदार बाग कोणाक दिसताली? आधी नमुनो करून दाखव. गच्चीर."

सगळ्यांना पटले. दोन्ही चाळींतून रॉकेलचे आणि तुपाचे रिकामे डबे जमा झाले. माती परळच्या एका मैदानातून आली, ती कशी आली ते समितीने विचारले नाही. अबोली, जास्वंद, ओवा, अळू, तुळस. नानांनी गावाहून कोंब आलेला एक नारळ मागवून डब्यात लावला आणि त्याला रोज पाणी घालण्याचे काम स्वतःकडे घेतले. आठवडाभर गच्ची हिरवी दिसली. मग एका सकाळी गच्चीखालच्या खोलीत देवघरावर चिखलाचे पाणी टपटपू लागले. ती खोली नानांचीच होती.

"गणपतीक न्हाण झाला, तां बरा झाला," नाना कपाळ पुसत म्हणाले. "पण तेच्या माथ्यार अळू उगावला तर?"

घरमालकाच्या माणसाने येऊन डबे उतरवायला लावले. बागेची वाटणी झाली. ज्याचा डबा त्याच्या गॅलरीत गेला, आणि पलीकडच्यांचे डबे डोक्यावरून हायवे ओलांडून पलीकडे गेले. समितीची सभा पुन्हा भरली नाही. शामराव गच्चीवर जायचे टाळू लागले. त्या संध्याकाळी राधाबाईंनी वाटी घासून फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "राहू दे शाम. तू केलंस तेवढं पुष्कळ." आई रागावली असती तर त्यांना बरे वाटले असते.

मग चळवळीच्या हरताळाचा दिवस आला.

त्या दिवशी भोंगा झाला नाही, म्हणून सगळ्या लालबागेला उशिरा जाग आली. गिरण्या बंद, दुकाने बंद, ट्राम बंद. शामराव दाढी अर्धी करून गॅलरीत आले आणि त्यांना कसले तरी चुकल्यासारखे वाटले. खाली हायवे पडला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. त्यावर एक कुत्रे मधोमध झोपले होते. पलीकडच्या गॅलरीतून आनंदाच्या खोकल्याचा आवाज अगदी जवळून आला, बोळ होता तेव्हा यायचा तसा.

मागे कौसल्या पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. ती समितीच्या एकाही सभेला गेलेली नव्हती. रस्त्याकडे जरा वेळ बघून ती म्हणाली, "अहो, तुम्हाला वरून कशाला जायचं होतं?"

"खालून लॉऱ्या जातात म्हणून."

"आज कुठे जाताहेत?"

शामराव अर्ध्या दाढीनिशी तिच्याकडे बघत राहिले. एवढा मसुदा, नकाशा, समिती, दिल्ली. त्यांनी साबण पुसला आणि पलीकडे हाक मारली, "आनंदा, मावशीला तयार कर."

बातमी दोन्ही चाळींत धावली. कौसल्येने चूल पेटवून कुळथाची पिठी रटरटत ठेवली. खाली कोणी तरी तुळशीचा डबा रस्त्याच्या मधोमध नेऊन ठेवला. तो बघून दुसऱ्याने जास्वंद ठेवली. पलीकडून ओवा आला, अबोली आली. नाना स्वतः आपला माड कडेवर घेऊन उतरले आणि त्यांनी तो बरोबर मधे रोवल्यासारखा मांडला. सतरंज्या आल्या. चाळीच्या भिंतीशी पडलेले एक बाक आले. कुत्रे उठून बाजूला झाले. चौघांनी राधाबाईंना आरामखुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावरून उतरवले. त्या दोन्ही हातांनी वाटी धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक पायरीला, "माझी नका काळजी करू, वाटी सांडेल," म्हणत होत्या.

रखमा आनंदाचा हात धरून आली. ती अजून रस्त्याच्या कडेलाच होती, तेवढ्यात पोलिसांची गाडी वळणावरून आली आणि बागेपुढे थांबली.

फौजदार तरुण होता, आणि रात्रभर जागलेला दिसत होता. तो उतरला, त्याने डबे पाहिले, गर्दी पाहिली. "हे काय मांडलंय? रस्ता अडवता?"

"अडवायला आज आहे काय रस्त्यात?" आनंदा शांतपणे म्हणाला.

"ही बाग आहे, साहेब," शामराव पुढे झाले. अर्ध्या गालावर दाढी होती, पण मान ताठ होती. "आमची समिती आहे. रीतसर." आणि पुरावा म्हणून त्यांनी खिशातून समितीचा छापील कागद काढून दिला. आयुष्यात एवढ्या आत्मविश्वासाने त्यांनी दुसरी चूक केली नाही.

फौजदाराने मोठ्याने वाचले, "मुंबईसह संयुक्त हरबाजीवाडी झालीच पाहिजे." त्याच्या मागे उभ्या असलेल्या रामजी हवालदाराला खोकल्याची उबळ आली. "म्हणजे मुंबई हरबाजीवाडीत घालायची?"

"ती छपाईची चूक आहे."

"मुंबई ही छपाईची चूक?"

मागून नाना म्हणाले, "तां आमका दिल्लीक इचारूक सांगलेला असा," आणि त्यामुळे परिस्थिती सुधारली नाही.

"जमावबंदी आहे, माहीत आहे ना?" फौजदाराचा आवाज चढला. "सगळ्यांना गाडीत घालावं लागेल."

"काय रे बाबा," खुर्चीतून राधाबाई म्हणाल्या. "तुझी आई शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवते?"

फौजदाराने त्यांच्याकडे पाहिले. मग वाटीकडे पाहिले. "नाही," तो म्हणाला.

"मग? मीही भरून आणलीय. कुळथाची पिठी आहे, थंड झाली की गोळा होतो. तू आपलं काय ते लवकर बोल."

तो काही वेळ टोपीच्या काठावरून बोट फिरवत राहिला. पिठीचा वास त्याच्यापर्यंत पोचला असावा, कारण त्याने एकदा गिळले. "कायद्यानं पाच माणसं जमली की जमाव होतो," तो शेवटी म्हणाला. "चार म्हणजे जमाव नव्हे. चौघांनी थांबावं. पाचवा माणूस रस्त्यावर दिसला तर माझा नाइलाज आहे. आणि दिवेलागणीच्या आत हे डबे उचला." मग हवालदाराला म्हणाला, "रामजी, आपण त्या नाक्यावर उभे राहू."

चौघे कोण यावर क्षणभर वाद झाला. आपण सर्वांत वडीलधारे आणि माड आपला, असे नानांचे म्हणणे पडले. पण कौसल्येने त्यांच्या हाताला धरून त्यांना जिन्याकडे नेले. सगळी वाडी वर गेली. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरून गेल्या, आणि खाली त्या भल्या थोरल्या मोकळ्या रस्त्यात, तुळशी-अबोलीच्या डब्यांमधे, दोन म्हाताऱ्या आणि त्यांचे दोन मुलगे एवढीच माणसे उरली. एवढी माणसे गप्प उभी असलेली लालबागेने क्वचितच पाहिली असतील.

राधाबाईंनी वाटी पुढे केली. रखमाने दोन्ही हातांनी घेतली, आणि काठावरून अंगठा फिरवत ठिपके चाचपले. तिला वाचता येत नव्हते, आता दिसतही नव्हते. "ही माझी," ती म्हणाली.

"मग कुणाची?"

"गुडघे कसे आहेत, बाय?"

"आहेत जागेवर. डोळे?"

"आवाजावरून दिसतेस तेवढी. केस पिकले काय गो?"

"छे," राधाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात एकही काळा केस नव्हता. वर गॅलरीत कोणी तरी हसले आणि त्याला दुसऱ्याने गप्प केले.

मग रखमाने पदराखालून हात काढला. त्या हातात झाकलेली दुसरी वाटी होती, गुळाच्या खिरीने भरलेली. "ही तुझी. त्या गडबडीत माझ्याकडंच ऱ्हायली. रिकामी कशी पाठवू, म्हणून ठेवली."

काठावर 'रा. ग.' होते. माहेरची सहावी वाटी. राधाबाईंनी ती उलटसुलट पाहिली, मग फार सावकाश मान वर करून आपल्या गॅलरीकडे पाहिले. कौसल्येने फक्त पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला. पुढे तिच्या हातून लोणच्याची अख्खी बरणी फुटली तेव्हाही राधाबाईंनी, "भांडीच ती, फुटायचीच," एवढेच म्हटले.

दोघी शेजारी शेजारी बसून जेवल्या. रखमा पिठी, राधाबाई खीर. मधे वाट्यांची अदलाबदल करून दोघींनी दोन्ही खाल्ले. शामराव आणि आनंदा बाकावर बसून समोर बघत होते, दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघायला तयार नव्हता. शामरावांना एवढे सुख झाले होते की त्यांना जरा लाजच वाटत होती. हीच ती बाग, त्यांना वाटले. फक्त पूल वर बांधायचा राहिला.

दिवेलागणीच्या आधी डबे उचलले. राधाबाईंची खुर्ची पुन्हा चौघांनी वर नेली. घरी आल्यावर त्यांनी पदराखालून वाटी काढली आणि चिंच मागितली. शामराव जवळ गेले तर काठावर ठिपक्यांत 'र. तां.' होते.

"आई, ही त्यांचीच वाटी. तू आपली तिकडेच ठेवून आलीस."

"माहीत आहे मला."

"अगं, मग आत्ताच द्यायची ना. शेजारीच बसला होतात दोघी."

"तिथं खाल्ल्यावर रिकामी झाली ना रे," राधाबाई वाटी घासत म्हणाल्या. "रिकामी कशी देऊ? तिनंही माझी नेलीय. तू आपला त्या पुलाचं बघ."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, लॉऱ्या सुरू झाल्या. शामराव ऑफिसला जाण्यापूर्वी टेबलाशी बसले. छापील कागदांचा गठ्ठा अजून पुष्कळ शिल्लक होता. त्यांनी वरचा कागद घेतला, मुंबईसह तसाच राहू दिला, आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला.